मोठ्या जातीचे पिल्लू घरी आणण्यापूर्वी

२०११ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. जिल्ह्याच्या ठिकाणच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मी तेव्हा व्रणोपचारक होतो, म्हणजे लोकांच्या भाषेत ड्रेसर. दुपारी बाराच्या सुमारास एक जोडपे रिक्षातून उतरले. बरोबर दोरीने तोंड बांधलेला अल्सेशियन कुत्रा. वजन चांगले ३० किलो, वय मात्र अवघे ११ महिने. नाव शेरू. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, बाई घरी शिवणकाम करणाऱ्या. त्या रडवेल्या आवाजात मला म्हणाल्या, "भाऊ, डॉक्टरसाहेबांना सांगा, याला कायमचं झोपेचं इंजेक्शन द्या. काल यानं शेजारच्या पोरीचा हात फोडला. सात वर्षांची पोर आहे हो. तिची आई आमच्याशी बोलत नाही. वस्तीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

डॉक्टरांनी आधी पोरीची चौकशी केली. जखम साबणाने धुतली का? सरकारी दवाखान्यात लस दिली का? दोन्ही केले होते. मग त्यांनी शेरूबद्दल विचारायला सुरुवात केली.

"पिल्लू आणलं तेव्हा केवढं होतं?"

"महिन्याचं असेल, साहेब. यांच्या ओळखीच्या एकानं दिलं."

"ठेवता कुठं?"

"आधी घरातच होतं. मग मोठा झाला, दोन खोल्यांत मावेना. म्हणून गच्चीवर साखळीनं बांधला."

"फिरवतं कोण?"

नवरा-बायको एकमेकांकडे बघू लागले.

"वस्तीतली मुलं याच्याजवळ कधी येतात का?"

"नाही साहेब. उलट आम्हीच सांगायचो, जवळ जाऊ नका, चावेल. पोरगी काल कुरडया राखायला गच्चीवर गेली, आमचं लक्ष नव्हतं."

डॉक्टर म्हणाले, "कुत्रा पिसाळलेला दिसत नाही. तरी दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवू. पण ताई, याला जन्मात कोणी काही शिकवलंच नाही. मग याला माणसात वागावं कसं, ते कळणार कुठून?"

वाचकहो, नोकरीच्या काळात असे कितीतरी शेरू मी पाहिले. त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. कुत्रा चावतो अकराव्या महिन्यात, पण चूक झालेली असते पहिल्या चार महिन्यांत. आता आपल्या वस्त्यांतही लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, डॉबरमन पाळण्याची हौस वाढली आहे. हौस वाईट नाही. परंतु हौसेबरोबर जबाबदारी येते. ती कशी निभवायची, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आधी घराचा विचार

ज्याला आपण अल्सेशियन म्हणतो तो जर्मन शेफर्ड. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांपासून ही जात घडवण्यात आली. जर्मनीत तिची संघटना १८९९ साली स्थापन झाली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' हा शब्द नकोसा झाला, म्हणून त्यांनी अल्सेशियन हे नाव रूढ केले. सांगायचा मुद्दा असा की, हा दिवसभर कळपामागे पळणारा कष्टकरी कुत्रा आहे. त्याच्या अंगात काम आहे, डोक्यात हुशारी आहे. त्याला काम दिले नाही तर तो स्वतः काम शोधतो. मग चपला फाडतो, गादी उसवतो, जिन्यात पाऊल वाजले की तासभर भुंकतो.

आठ आठवड्यांचे पिल्लू सहा-सात किलोचे असते. मांडीवर मावते, सगळ्यांना हवेहवेसे वाटते. सहाव्या महिन्यात तेच २० किलोंच्या आसपास जाते आणि वर्षाने तीस-पस्तीस किलोंचे होते. म्हणून पिल्लू आणायचे की नाही हे मांडीवरच्या पिल्लाकडे पाहून ठरवू नये. वर्षानंतरचा कुत्रा डोळ्यांपुढे आणून ठरवावे.

घर लहान आहे म्हणून कुत्रा पाळता येत नाही असे नाही. दोन खोल्यांत माणसांबरोबर राहणारा आणि दोन वेळा नीट फिरवून आणलेला कुत्रा सुखी असतो. बंगल्याच्या फाटकाला बारा महिने बांधलेला कुत्रा सुखी नसतो. प्रश्न जागेपेक्षा वेळेचा आणि पैशाचा आहे. ३० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण दीड हजार कॅलरी लागतात, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलाला पुरेल एवढे अन्न. शिवाय लसी, जंताचे औषध, आजारपण. हा खर्च पुढची दहा-बारा वर्षे आहे. गावी लग्नाला गेलो तर कुत्रा कोणाकडे? पहाटे उठून फिरवणार कोण?

हे प्रश्न घरातल्या सर्वांनी एकत्र बसून सोडवावेत. कारण अनुभव असा की, पिल्लू आणतो मुलगा किंवा त्याचा बाप, आणि त्याची शी-शू काढते घरातली बाई. तिच्या डोक्यावर आधीच पाणी, स्वयंपाक आणि पोटापाण्याचे काम असते. तिला न विचारता आणलेले पिल्लू सहा महिन्यांत गच्चीवर जाते. कामाची वाटणी आधी ठरवा, कागदावर लिहा. जमत नसेल तर मोकळेपणाने नको म्हणा. आपल्या वस्तीतले देशी पिल्लूही घेता येते. ते अंगाने आटोपशीर असते, आपला उन्हाळा सोसते, त्याला लस टोचून घेतली आणि प्रेमाने शिकवले तर घर राखण्यात कोणत्याही जातिवंत कुत्र्याला हार जात नाही.

पिल्लू कधी आणि कसे घ्यावे

महिन्याचे पिल्लू घेऊ नये, कोणी फुकट दिले तरीही. २०१७ सालच्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. त्यामागे कारण आहे. पिल्लू आईजवळ आणि भावंडांत खेळताना एक फार मोठा धडा शिकते. जोरात चावले की भावंड केकाटते आणि खेळ थांबतो. दात किती लावायचे हे ते तिथे शिकते. महिन्याच्या आत आईपासून तोडलेल्या पिल्लाचा हा धडा अर्धवट राहतो. शेरूच्या बाबतीत नेमके हेच झाले होते.

घेताना पिल्लाची आई पाहण्याचा आग्रह धरा. आई माणसांना भिणारी किंवा अंगावर येणारी असेल तर दुसरीकडे पाहा. ती मागच्या पायांनी लंगडते का, उठताना कण्हते का, हेही पाहा. मोठ्या जातींत मांडीच्या सांध्याचा आजार आईबापाकडून पिल्लात उतरतो. आई दाखवायला जो तयार नसतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये.

लसी आणि जंत

सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस. त्यानंतर साधारण तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, वयाचे सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत पुढचे डोस. यात पार्वो आणि डिस्टेंपर हे दोन मारक रोग अडवले जातात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी. मग वर्षाने पुन्हा, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे. जंताचे औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा.

पिल्लाला उलट्या आणि रक्ताची घाण वासाची हगवण सुरू झाली तर 'उद्या बघू' म्हणू नका. पार्वोमध्ये पिल्लू दोन दिवसांत हातचे जाते. हा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो. ज्या घरात पार्वोने पिल्लू गेले तिथे लगेच दुसरे आणू नये.

गोचिडांसाठी गाई-म्हशींचे औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालणारे लोक मी पाहिले आहेत. कुत्रा ते अंग चाटतो आणि विषबाधा होते. औषध डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

दवाखाना महाग पडेल या भीतीने लस चुकवू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. मुंबईत परळचे जनावरांचे रुग्णालय, जुने लोक ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, ते तर १८८३ पासूनचे आहे.

खाणे: जास्त म्हणजे चांगले नव्हे

मोठ्या जातीच्या पिल्लाचा सांगाडा वर्ष-दीड वर्ष वाढत असतो. या काळात दोन प्रकारच्या चुका होतात आणि दोन्हींचा परिणाम वाकड्या पायांत दिसतो.

पहिली चूक गरजेपोटी होते. पिल्लाला दूध-पोळी किंवा नुसता भात आणि मटणाच्या दुकानातली छाट दिली जाते. मांसात कॅल्शियम फारच थोडे असते, म्हणून शरीर हाडांतलेच कॅल्शियम काढून घेते. हाडे पोकळ होतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, साध्या उडीने हाड मोडते.

दुसरी चूक हौसेपोटी होते. कान उभे राहावेत, हाड जाड व्हावे म्हणून कोणीतरी कॅल्शियमची बाटली सुचवतो. चांगल्या तयार खाद्यावर असलेल्या पिल्लाला ही बाटली दिली की ते जादा कॅल्शियम होते. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, ते शरीरात शिरतेच. मग हाडांची वाढ बिघडते, सांधे दुखतात, पिल्लू लंगडते. कान उभे राहणे हे जातीवर आणि वाढीवर अवलंबून असते, बाटलीवर नाही.

परवडत असेल तर 'मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी' असे लिहिलेले खाद्य घ्यावे, आणि मग वेगळे कॅल्शियम देऊ नये. घरचे द्यायचे असेल तर भात, उकडलेली अंडी, कोंबडीचे मांस, थोडी कलेजी, भोपळा-गाजर यांचे प्रमाण आणि कॅल्शियमची मात्रा डॉक्टरांकडून पिल्लाच्या वजनाप्रमाणे लिहून घ्यावी. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका कधीही देऊ नयेत. शिजवलेली हाडेही देऊ नयेत. ती टोकदार फुटतात आणि आतड्याला भोक पाडतात. जेवल्याबरोबर पळवू नये. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचे पोट वायूने फुगून पीळ पडतो. पोट टम्म झाले आणि कुत्रा नुसते उमाळे काढत असेल तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा.

गुबगुबीत पिल्लू म्हणजे तब्येतीचे पिल्लू हा आपला गैरसमज आहे. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर १४ वर्षे अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांना जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिले. २००२ साली निष्कर्ष छापून आले. कमी खाणारे कुत्रे सरासरीने जवळजवळ दोन वर्षे जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखले. आपण घरी एक साधी परीक्षा करू शकतो. पिल्लाच्या बरगडीवरून हात फिरवा. दाब न देता बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, पण लांबून मोजता येता कामा नयेत.

पळवणे आणि जिने

मोटारसायकलच्या मागे पिल्लाला पळवणारे तरुण सकाळी रस्त्यावर दिसतात. ही कसरत नव्हे, सांध्यांची नासाडी आहे. वाढत्या हाडांची टोके कोवळी असतात. नॉर्वेतील संशोधकांनी मोठ्या जातींच्या सुमारे ५०० कुत्र्यांचा अभ्यास करून २०१२ साली दाखवले की, तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांत मांडीच्या सांध्याचा आजार जास्त आढळतो, आणि मऊ जमिनीवर मोकळे हुंदडणाऱ्यांत कमी. चाळीत किंवा इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असाल तर पहिले तीन महिने पिल्लाला उचलून खाली न्या. गुळगुळीत फरशीवर जुनी सतरंजी अंथरा. मातीच्या मैदानात त्याला त्याच्या मनाने खेळू द्या, दमले की बसू द्या.

उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि सूर्य मावळल्यावरच बाहेर काढावे. डांबरी रस्त्यावर आपला तळहात ठेवून पाहा. आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसतो.

शिकवणीचा खरा काळ

पिल्लाच्या वयाचे तीन ते चौदा आठवडे फार मोलाचे असतात. या काळात जे पाहिले, ऐकले, हुंगले, ते त्याला आयुष्यभर ओळखीचे वाटते. जे पाहिले नाही त्याची भीती बसते. आणि कुत्रा बहुतेक वेळा रागाने चावत नाही, भीतीने चावतो.

म्हणून लसी पूर्ण व्हायच्या आधीही पिल्लाला कडेवर घेऊन फिरवा. रस्त्यावर खाली सोडू नका, पण जग दाखवा. छत्री घेतलेला माणूस, हेल्मेटवाला, काठी टेकत चालणारे आजोबा, शाळेतून सुटलेली पोरे, कुकरची शिट्टी, मिरवणुकीचा लांबून येणारा आवाज. प्रत्येक वेळी तोंडात छोटासा खाऊ. शेरूने वयाच्या पहिल्या वर्षात घरच्या चौघांखेरीज माणूसच जवळून पाहिला नव्हता. त्याच्या डोक्यात पक्के बसले की, गच्चीवर येणारे लहान मूल म्हणजे संकट.

शी-शूची सवय: उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच आणि एरवी दर दोन तासांनी ठरलेल्या जागी न्यावे. जागेवर केले की लगेच शाबासकी आणि खाऊ. घरात केले तर गुपचूप पुसून घ्यावे. नाक घासणे, चापट मारणे यातून पिल्लू एवढेच शिकते की, माणसासमोर करायचे नाही. मग ते पलंगाखाली लपून करते.

दात लावणे: पिल्लाचे २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के दात येतात. साधारण चार ते सात महिन्यांच्या वयात हिरड्या शिवशिवतात. चावणे हा त्याचा गुन्हा नाही, त्याची गरज आहे. ओल्या फडक्याला गाठ मारून ते थंड करून द्या, गाजर द्या. हाताने खेळवू नका. दात लागला की खेळ तिथेच थांबवून पाठ फिरवा. भावंडांकडून राहिलेला धडा आपण असा पूर्ण करायचा.

अंगावर उडी: तीन महिन्यांचे पिल्लू उडी मारते तेव्हा आपण हसतो, उचलून घेतो. तीच उडी आठव्या महिन्यात आजीला पाडते. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच लाड, हा नियम पहिल्या दिवसापासून घरातल्या सर्वांनी पाळावा.

चालणे: पट्टा ताणला की आपण उभे राहायचे. सैल सोडला की पुढे चालायचे. पहिले आठ दिवस कोपऱ्यापर्यंत जायला अर्धा तास लागेल. पण ३० किलोच्या कुत्र्याने ओढत नेण्यापेक्षा सहा किलोच्या पिल्लाजवळ उभे राहणे सोपे आहे.

शब्द: 'बस', 'ये', 'थांब', 'सोड' एवढे चार शब्द पुरतात. आपल्याकडे एक गंमत दिसते. दिवसभर मराठी बोलणारे घर कुत्र्याशी मात्र इंग्रजी बोलते. कुत्र्याला भाषेचे कौतुक नाही. त्याला आवाज आणि त्यानंतर काय मिळते ते कळते. अडचण होते ती वेगळीच. बाप म्हणतो 'सिट', आई म्हणते 'बस', मुलगा म्हणतो 'खाली बस की रे'. पिल्लू तिघांच्या तोंडाकडे बघते आणि मग ते 'ढ' ठरते. शब्द कोणताही घ्या, घरात एकच ठेवा. एका वेळी पाच मिनिटे, दिवसातून तीन-चारदा.

एकटे राहणे: आधी दोन मिनिटे, मग दहा, मग अर्धा तास असे हळूहळू शिकवावे. एकदम दिवसभर कोंडलेले पिल्लू ओरडून चाळ डोक्यावर घेते आणि शेजाऱ्यांशी भांडणे सुरू होतात.

मारून शहाणपण येत नाही

'मार खाल्ल्याशिवाय जनावर सुधारत नाही' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मारलेला कुत्रा गप्प बसतो, हे खरे. पण तो आधी गुरगुरायचा, ते बंद होते. गुरगुरणे ही त्याची सूचना असते. सूचना देण्याबद्दल मार मिळाला की तो पुढच्या वेळी सूचना न देता चावतो. लोक मग म्हणतात, 'अचानक चावला.'

मुंबई पोलिसांच्या झंजीर या लॅब्राडॉरचे नाव अनेकांच्या स्मरणात असेल. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्याने आरडीएक्सचा प्रचंड साठा शोधून दिला. तो २००० साली वारला. स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्यांची शिकवण चेंडू, खाऊ आणि शाबासकी यांवर उभी असते. शोध लागला की बक्षीस. एवढे अवघड काम लाठीच्या धाकाने करून घेता येत नाही. मग आपल्याला घरात 'बस' शिकवायला काठी कशाला हवी?

जेवताना वाटी हिसकावून 'मालक कोण' हे दाखवू नका. त्याऐवजी तो खात असताना जवळून जाता जाता वाटीत एखादा चांगला तुकडा टाका. माणसाचा हात जवळ आला की काहीतरी मिळते, जात नाही, हे त्याला कळू द्या.

घरचा कुत्रा घरातच हवा. राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव यांच्या बरोबर त्या फोटोत बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबीही आहे. घरच्या माणसांचा फोटो काढताना तो बाहेर राहिला नाही.

मुले आणि कुत्रा

कुत्रा कितीही गरीब असला तरी लहान मूल आणि मोठा कुत्रा यांना एकटे सोडू नये. मुलांना चार गोष्टी शिकवा. जेवणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. कान-शेपूट ओढायचे नाही, पाठीवर बसायचे नाही. गळ्यात पडून मिठी मारायची नाही. कुत्रा तोंड फिरवत असेल, ओठ चाटत असेल, अंग ताठ करत असेल तर त्याला एकटे सोडायचे. पिल्लाला सहाव्या महिन्यापासूनच मुसके घालण्याची सवय लावावी, त्यात खाऊ ठेवून, हसत-खेळत. दवाखान्यात, गर्दीत ते कामी येते.

नसबंदी जरूर करावी. मात्र मोठ्या जातीत हाडांची वाढ पूर्ण होण्याआधी केली तर सांध्यांचे आजार वाढू शकतात. म्हणून वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी.

चावलाच तर

घरचा कुत्रा असो वा रस्त्यावरचा, दात लागला किंवा ओरखडा निघाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरचीपूड, तेल काहीही लावू नये. भगताकडे, मंत्र घालणाऱ्याकडे जाऊ नये. त्यात गेलेला वेळ जिवावर बेततो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर हा रोग टळतो. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती मनातून काढा. ती जुनी लस २००४-०५ पासून आपल्या देशात बंद झाली. आता दंडात किंवा त्वचेत चार-पाच वेळा टोचतात. खोल जखमेत वेगळे सीरमही भरतात. सरकारी रुग्णालयात जावे. आणि मुलांना सांगून ठेवा की, चावल्याचे सांगितले तर मार मिळणार नाही. माराच्या भीतीने मुले ओरखडा लपवतात.

कायदाही माहीत असावा. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार कुत्र्याला आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणे, बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणे, आणि विनाकारण सोडून देणे हे गुन्हे आहेत. आपल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या नगरपालिकेत कुत्र्याचा परवाना लागत असेल तर तो काढावा.

शेरूचे पुढे काय झाले

दहा दिवस गेले. शेरूला रेबीज नव्हता. डॉक्टरांनी मरणाचे इंजेक्शन दिले नाही. ते त्या जोडप्याला म्हणाले, "सहा महिने मी सांगतो तसं करा, मग बोलू." साखळी गेली. शेरू गच्चीवरून खाली, स्वयंपाकघराच्या दाराशी आला. पहाटे नवरा किंवा मुलगा आणि संध्याकाळी बाई, असे दोन वेळा त्याला मुसके घालून फिरवू लागले. दर रविवारी ते दवाखान्यात येत आणि मी लांब उभा राहून त्याच्याकडे खाऊ टाकत असे. पहिले तीन रविवार त्याने माझ्याकडे बघून फक्त दात दाखवले. चौथ्या रविवारी खाऊ उचलला. चार महिन्यांनी माझ्या हातातून घेतला.

तो पुष्कळ सुधारला, पण पुरता नाही. कोवळ्या वयात राहून गेलेले सगळेच नंतर भरून काढता येत नाही. अनोळखी लहान मुलांसमोर त्याला शेवटपर्यंत मुसके घालावे लागले. त्या मुलीच्या हातावर चार टाक्यांची खूण राहिली. बाईंनी तिच्या उपचाराचा सगळा खर्च केला आणि तिच्या आईची माफी मागितली. दोन घरांतले बोलणे सुरू व्हायला वर्ष लागले.

मी निवृत्त होण्याच्या सुमारास त्या एकदा दवाखान्यात आल्या. शेरू तेव्हा पाच वर्षांचा होता, त्याला वर्षाची लस द्यायची होती. मुसके घालून निमूटपणे टेबलावर उभा राहिला. सुई टोचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "भाऊ, तेव्हा दोन महिने याच्यामागे फिरले असते तर ती पोर वाचली असती, आणि यालाही हे तोंडाला बांधावं लागलं नसतं."

ज्यांच्या घरी आज नवे पिल्लू आले आहे, त्यांच्या हातात ते दोन महिने अजून आहेत.